कुलपातला जोर

तनुजानं कोपरानं ढकलून मोबाईल पालथा घातला. उजवा हात वरणभातानं माखलेला, मांडीवर श्रेया, आणि तिचे ओठ असे घट्ट मिटलेले की जणू पुढचा घास म्हणजे औषधच. पालथा होण्याआधी पडद्यावर गाडीच्या कंपनीचा संदेश दिसून गेला होता : आपल्या वाहनातील ‘जोश’ सुविधेची मुदत संपत आहे. आनंद अखंड राहावा यासाठी आजच पॅकेज घ्या.

“कुनाचा गं फोन?” चतुराबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

“फोन नाही आत्याबाई. गाडीचा निरोप आहे.”

“आता गाडी बी निरोप धाडती का? काय म्हन्ती?”

“आणखी पैसे द्या म्हणते.”

“देऊ नको. लाडावंल.”

सासू-सुना हसल्या. त्यांना हसताना बघून श्रेयानंही तोंड उघडलं, तनुजानं तेवढ्यात घास आत सारला, आणि तो निरोप तिथंच संपला. असे निरोप रोजच येत. कधी टायरमधल्या हवेचा, कधी विम्याचा, कधी नुसत्याच सणाच्या शुभेच्छा. गाडी घेताना नंबर तिचा दिला होता, कारण इंद्रजीतला शेंद्र्याच्या कारखान्यात फोन फाटकाबाहेर ठेवावा लागे आणि सासऱ्यांचा, काकासाहेबांचा, फोन बटणांचा.

कागदावर गाडी तनुजाची असली तरी खरी ती काकासाहेबांची. सासऱ्यांना ती ‘मामा’ म्हणायची. बिडकीनची बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा घरदार शहरात, सातारा परिसर नावाच्या वस्तीत आलं. पण मागं राहिलेल्या तुकड्यात दोन म्हशी होत्या, मोसंबीची थोडी झाडं होती आणि एक जुना लाल ट्रॅक्टर होता. मामांचा दिवस त्यांच्यापाशी उगवायचा. सकाळी मागच्या सीटपुढं दुधाच्या किटल्या, शेजारी चतुराबाई, आणि पैठण रोडनं विजेवरची, बिनआवाजाची ती गाडी.

“धूर नाय, खडखड नाय,” गल्लीत कुणी विचारलं की ते सांगायचे, “अन् पाय ठिवला की शिंगरावानी उधळती. म्याच आवरून धरतो तिला.”

खोटं नव्हतं ते. मामा वेडीवाकडी गाडी चालवत नसत. फक्त पुढं जायचं ठरलं की एका दमात जात. अंतर डोळ्यानं मोजायचं, पाय दाबायचा, आणि समोरचा ट्रक मागं पडलेला असायचा. जन्मभर ट्रॅक्टर हाकलेल्या माणसाला म्हातारपणी पंख मिळाले होते, आणि त्या पंखांचा अंदाज त्याच्या पायाला पक्का बसला होता.

त्या रविवारी इंद्रजीतला पाळी होती; बाकी सगळे शेताकडं निघाले होते. श्रेया मागं तनुजाच्या कुशीत. चितेगाव सोडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं, एकाच बाजूनं दोन्हीकडची वाहतूक. पुढं उसाची जोडट्रॉली डुलत चाललेली. मामांनी वाकून पाहिलं, दिवा लावला, गाडी उजवीकडं काढली. समोरून पाण्याचा टँकर येत होता, पण लांब होता. रोजच्या हिशेबानं पुरेसा लांब.

गाडी उधळली नाही.

ट्रॉलीचं मागचं चाक शेजारी आलं, आणि शेजारीच राहिलं. टँकर मोठा होत गेला. त्याचा भोंगा सुरू झाला तो थांबेचना. मामांनी कचकन ब्रेक दाबून गाडी परत ट्रॉलीच्या मागं ओढली, तेव्हा टँकरची हवा खिडकीच्या काचेला थडकून गेली. श्रेयाची पाण्याची बाटली सीटखाली गडगडत राहिली. कुणाला काही झालं नाही.

पुढं एका लिंबाखाली मामांनी गाडी उभी केली. दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच.

“पाय हालला नाय माझा,” ते म्हणाले. “म्या दाबला म्हनून वाटलं. दाबला नसंल.”

“जाऊ द्या हो, टळलं नव्हं?” चतुराबाई म्हणाल्या.

तनुजा श्रेयाचे केस पुन्हापुन्हा कानामागं सारत होती. संध्याकाळी इंद्रजीत कामावरून आल्यावर तिनं दार ओढून घेतलं आणि सांगितलं,

“अहो, मामांना गाडी देऊ नका आता. निदान श्रेया असताना तरी.”

“मी कसं सांगू त्यांना?”

सांगावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलेली होती, आणि मामा बिडकीनला जायला काळीपिवळी धरायला नाक्यावर गेलेले.

म्हातारपण पायरीपायरीनं येत असेल अशी तनुजाची समजूत होती. मामांना ते शिवून आणलेल्या कपड्यांसारखं एकदम चढलं. जिना उतरताना ते भिंतीला हात लावू लागले. कोपऱ्यातली, पाहुण्याची विसरलेली काठी त्यांच्या हातात आली. चहा पिताना कप दोन्ही हातांनी धरत. श्रेयाला उचलून घ्यायचं सोडलं. ती हात वर करून समोर उभी राहिली की “आजीकडं जा बाई, माझा भरोसा नाय” म्हणत. तनुजा हे सगळं बघत होती. बघणं हा तिचा स्वभावच होता. श्रेया झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी ती बाई. पण जे दिसत होतं त्याचं तिला वाईट वाटण्याआधी हायसं वाटत होतं.

मग एक दिवस मेथी निवडताना चतुराबाई खाली मान घालूनच म्हणाल्या,

“टॅक्टर इकायला काढलाय. करमाडचा अप्पाराव येनार हाय रविवारी. शब्द दिलाय त्याला.”

“ट्रॅक्टर? कशाला?”

“हात-पाय ऐकंत नाय म्हन्त्यात. आज गाडीनं दगा दिला, उंद्या टॅक्टर अंगावर जाईल.” त्यांनी मेथीची काडी मोडली. “म्हशी बी काढतील मंग. दिवसभर मानूस करंल काय गं? माझ्या तोंडाकडं बघंत बसंल?”

तनुजा हसायला गेली, पण सासूबाई थट्टा करत नव्हत्या.

त्याच आठवड्यात चतुराबाईंना सरकी-पेंडीची पोती शेतावर न्यायची होती. तनुजानं खिळ्यावरची किल्ली घेतली. श्रेयाला शेजारणीकडं ठेवलं आणि सासूबाईंना घेऊन गाडी काढली. ती चालवायची ती गावातल्या गावात, उस्मानपुऱ्यापर्यंत, फार तर गुलमंडीच्या अलीकडं. गर्दीत कुणाला पुढं काढायची वेळ येत नाही. चितेगावच्या पुढं मात्र एक दुधाचा टेम्पो आडवा-तिडवा चालला होता. समोर कुणी नाही असं बघून तिनं गाडी उजवीकडं घेतली आणि पाय दाबला.

टेम्पो शेजारी होता, तो शेजारीच राहिला.

तिनं आणखी दाबला. लांबवर एक मोटारसायकल दिसली. तनुजानं पाय काढला, गाडी मागं घेतली, आणि पुढच्याच वळणाला बाजूला उभी केली. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. तनुजा आपल्या पायाकडं बघत होती. मघाशी सँडलचं टोक थेट तळाला टेकलं होतं. त्याच्या पुढं दाबायला जागाच नव्हती.

तिनं मोबाईल काढला आणि अंगठ्यानं मागं मागं गेली. शुभेच्छा, हवा, विमा. आणि मग तो निरोप. त्याच्या पाठोपाठचा तर तिनं उघडलाही नव्हता : आपली ‘जोश’ सुविधा समाप्त झाली आहे.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मामांचा पाय हलला होता.”

जालना रोडवरच्या, गाडीच्या कंपनीच्या शोरूमचं काचेचं दार इतकं जड होतं की बाहेर येणाऱ्या एका वयस्क बाईंसाठी तनुजानंच ते धरून ठेवलं. पांढरी सुती साडी, हातात गुलमंडीतल्या दुकानाची कापडी पिशवी. सोबतच्या तरुणाच्या हातावर किल्ली ठेवत त्या म्हणत होत्या,

“तूच ठेव बाबा आता. दर पौर्णिमेला बुद्धलेणीला जाते, तर त्या चढाला दाबून दाबून पाय थरथरतो रे माझा. गाडी म्हणते नको, मीही म्हणते नको.”

“बरं आत्या,” तरुण म्हणाला, आणि मागच्या काचेवर पिंपळपान चिकटवलेल्या निळ्या गाडीचं त्यानं चालकाच्या बाजूचं दार उघडलं. तनुजा आपल्याच रागात होती. ती आत शिरली.

आत सत्यम नावाचा मुलगा होता, गळ्यात ओळखपत्र, तोंडात गोडवा. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला, संगणकावर गाडीचा नंबर टाकला आणि लगेच मान डोलावली.

“काही बिघाड नाही मॅडम. तुमचं बेस मॉडेल आहे ना, त्याला पॉवर एवढीच असते. सुरुवातीला कंपनीनं पूर्ण पॉवरची भेट दिली होती, ती संपली.”

“मोटर बदलली का तुम्ही?”

“छे! मोटर तीच. सगळ्या मॉडेलना तीच आहे. सॉफ्टवेअरमधून मर्यादा टाकतात.”

“म्हणजे जोर गाडीतच आहे.”

“गाडीतच आहे. पॅकेज घेतलंत की इथं बसल्याबसल्या सुरू करून देतो. पाना-पकडसुद्धा लागत नाही.”

“काढून घेतानाही लागली नसेल.”

सत्यम हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला.

“मेसेज पाठवला होता मॅडम. गाडीच्या स्क्रीनवर पण येतो.”

“मेसेज माझ्या फोनवर. स्क्रीनवर इंग्रजीत. गाडी चालवतात माझे सासरे. त्यांना कोणी सांगितलं?”

“ते… घरातल्या घरात सांगायला पाहिजे ना?”

हा घाव बरोबर बसला. तनुजानं ग्लास उचलला, पाणी न पिता खाली ठेवला.

“बरोबर आहे. माझं मी घरी जाऊन बघते. तुम्ही तुमचं सांगा. महिनोन् महिने एका जोराची सवय लावायची आणि चालत्या रस्त्यावर तो काढून घ्यायचा. माझी मुलगी मागं बसली होती.”

“शहरात चालवायला एवढी पॉवर बास होते मॅडम. फॅमिलीसाठी तर स्लोच सेफ.”

“मग सगळ्यांना स्लोच द्या. पैसेवाल्यांनी सेफ राहायचं नाही का?”

शेजारच्या टेबलावर रंग निवडत बसलेलं एक जोडपं रंगपत्रिका बाजूला ठेवून ऐकायला लागलं. सत्यमनं आवाज खाली आणला. तनुजानं आणला नाही.

बाहेर आल्यावर इंद्रजीतचा जेवणाच्या सुट्टीतला फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला,

“भरून टाक ना तनू. मिटव. गाडी पहिल्यासारखी होईल.”

“गाडी होईल हो. मामा?”

पलीकडं सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला.

रविवारी तनुजा म्हणाली की अप्पारावांसमोर व्यवहार बोलायला घरचं कुणीतरी हवं, मी सोडते मामांना. श्रेयाला तिनं चतुराबाईंजवळ ठेवलं. मामा काठी घेऊन डावीकडं बसले आणि वरची कडी धरून राहिले. पायाखालून आपली गाडी दुसऱ्याच्या हातानं जाताना बघणं त्यांना जड जात होतं; ते खिडकीबाहेरच बघत होते.

चितेगावच्या पुढचा नवा झालेला तुकडा मोकळा होता. मध्ये दुभाजक, समोरून यायला वावच नाही. तरी तनुजानं आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, मान वळवून पाहिलं. मग पुढच्या टेम्पोच्या शेजारी गाडी नेली आणि पाय तळाला टेकवला.

गाडी आणि टेम्पो एका जुवाला जुंपल्यासारखे शेजारीशेजारी चालत राहिले. टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं काढून बघितलं, ही बाई जात का नाही म्हणून.

मामांनी खिडकीबाहेरची नजर आत आणली. टेम्पोकडं पाहिलं. मग तिच्या पायाकडं.

“पुरा दाबलाय का?”

“पुरा, मामा.”

“तू तर तरनीताठी हायेस.”

मामांनी कडी सोडली.

“बाजूला घे.”

तिनं गाडी उभी केली आणि सांगितलं. कुलूप, पॅकेज, निरोप, आणि तो निरोप वरणभाताच्या हातानं आपण पालथा कसा घातला, तेही. मामा ऐकत राहिले. मग एकदम गाडीच्या पडद्याकडं बोट करून म्हणाले,

“इथं एक इंग्रजी पाटी आल्ती. त्याच्या आदल्या रोजीच. इंद्रजीतनं शिकवलं हुतं, काय बी आलं तर हिरवं दाबायचं. म्या हिरवं दाबलं.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मीच व्हय म्हनालो का गं त्यांला?”

“तुम्हाला विचारलंच नव्हतं मामा. नुसतं कळवलं होतं. तेही तुमच्या भाषेत नाही.”

मामांनी पडद्यावरून एकदा बोट फिरवलं.

“बैल इकला,” ते म्हणाले, “अन् येसन आपल्याच हातात ठिवली भाड्यांनी.” सुनेसमोर शिवी गेली म्हणून त्यांनी जीभ चावली. तनुजाला हसू आलं. तिनं ते आवरलं नाही.

“इंद्रजीत म्हणतात पैसे भरू. पहिल्यासारखी पळेल.”

“एक रुपाया द्यायचा नाय!” त्यांनी काठी मागच्या सीटवर टाकली. “बैल दमला असंल तर मानूस वझं कमी टाकतो. म्या बी कमी टाकीन. उसाच्या ट्रॉलीमागं बिडकीनपतुर जाईन, काय बिघडंल? पर जनावरात किती दम हाय ते धन्याला ठावं पाह्यजे का नको? उतर. इकडं ये.”

तनुजा उतरली. गाडीला वळसा घालून जाताना तिनं मागून येणाऱ्या गाड्या बघितल्या, दार लागलं का ते बघितलं, मामांचा पट्टा बघितला. मामांनी ते सगळं बघू दिलं. मग गाडी सावकाश रस्त्याला लागली. एक एसटी भोंगा वाजवून पुढं गेली, दोन मोटारसायकली गेल्या. मामा आपल्या बाजूनं, आपल्या चालीनं, ताठ बसून.

शेतात अप्पाराव ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे होते. गाडी कोण चालवतंय ते बघून ते जरा चपापले.

“या काकासाहेब. म्या म्हनलं, तुमी हात टेकले.”

“अप्पाराव, चा प्या. टॅक्टर इकायचा नाय.”

“अहो, असं कसं? शब्द दिल्ता तुमी!”

“शब्द दिल्ता तव्हा म्या म्हातारा हुतो,” काकासाहेब म्हणाले आणि ट्रॅक्टरवर चढले. चढताना त्यांनी हात कशालाही टेकवला नाही. तनुजानं मुद्दाम पाहिलं.

घरी आल्यावर तिनं तशीच गाडी घेतलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटात सगळं लिहिलं, मराठीत. संध्याकाळपर्यंत सत्यमचा फोन आला. आवाज पहिल्याहून गोड.

“मॅडम, साहेबांशी बोललो. खास तुमच्यासाठी पॅकेज फ्री करून देतोय. कायमचं. फक्त तो ग्रुपवरचा मेसेज तेवढा काढून टाका.”

समोर मामा श्रेयाला खांद्यावर बसवून अंगणात फिरत होते. चतुराबाई “अहो, पडंल ती!” म्हणत मागं मागं होत्या.

“खास आमच्यासाठी?” तनुजा म्हणाली.

“हो मॅडम. फक्त तुमच्यासाठी.”

हे शब्द कानावर पडले आणि तिला ते जड काचेचं दार आठवलं. तळहाताला त्याचा गारवा जाणवला. पांढरी साडी. किल्ली. थरथरणारा पाय.

“नको,” ती म्हणाली. “आमचं कळलं आम्हाला.”

फोन ठेवून तिनं तो मेसेज पुन्हा उघडला. काढला नाही. त्याच्याखाली आणखी लिहिलं :

“या आठवड्यात जालना रोडच्या शोरूममध्ये एक बाई भेटल्या. नाव विचारायचं राहिलं. वय झालेलं, पांढरी सुती साडी, निळी गाडी, मागच्या काचेवर पिंपळपान. बुद्धलेणीच्या चढाला गाडी चढवताना पाय थरथरतो म्हणून त्यांनी किल्ली भाच्याला देऊन टाकली. मी दार धरून उभी होते आणि मला कळलं नाही. तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत असाल, किंवा लेणीच्या बाजूला राहत असाल, तर येत्या पौर्णिमेला तिथं बघा, त्या आल्यात का. आल्या नसतील तर घर शोधून जा. आणि त्यांना सांगा, त्यांचा पाय ठीक आहे.”